दगडाचं वय आणि दगडाचा मान

वेल्समधल्या अनेक गावांच्या बागांत उभ्या दगडांचं एक रिंगण आढळतं. दगड बहुधा बारा, मधोमध सपाट शिळा. पाहणाऱ्याला ते हजारो वर्षांपूर्वीचं वाटतं, पण त्यातलं एकही तितकं जुनं नाही. वेल्श भाषेचा साहित्य-संगीताचा महोत्सव दरवर्षी नव्या गावी भरतो. तिथे ‘गोर्सेद’ या कवी-कलावंतांच्या मंडळाचा विधी होतो आणि त्यासाठी मांडलेलं रिंगण पूर्वी त्या गावाला कायमचं राही. या विधीचा जनक योलो मॉर्गानुग पेशाने पाथरवट होता. २१ जून १७९२ रोजी त्याने तो पहिल्यांदा केला, तोही लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर. हे सारं प्राचीन ड्रुइड पुरोहितांकडून आल्याचा दावा त्याने केला आणि पुराव्यादाखल स्वतःच रचलेला मजकूर जुना म्हणून पुढे ठेवला. ही लबाडीच होती. तरीही आज गोर्सेदचा प्रमुख अर्धवट उपसलेली तलवार समोर धरून तीनदा विचारतो, शांतता आहे का? तीनही वेळा जमाव ‘शांतता’ असं उत्तर देतो, तेव्हा त्या उत्तरात खोटं काही नसतं. तलवार पूर्ण उपसायची नाही, हा त्यांचा दंडक आहे.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन स्टीव्हन्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने दख्खनच्या गावांमधल्या वेताळाच्या ठाण्यांवर लिहिलं आहे. मधला अनघड दगड वेताळाचा आणि भोवतीच्या रिंगणातले दगड त्याच्या परिवाराचे. अशी ठाणी पाहून त्या काळच्या युरोपीय अभ्यासकांना स्टोनहेंज आणि ड्रुइड आठवत. माझ्या मते हा तर्क कच्चा आहे. उघड्यावर जमायचं आणि सगळ्यांना मध्य दिसायला हवा, म्हटलं की माणसं कुठेही गोलच करतात. आकार सारखा म्हणून वंश एक ठरत नाही. मग साम्य कशात आहे? वेताळाचा दगड देव राहतो तो दर वर्षी कोणीतरी त्याला शेंदूर लावतं म्हणून. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं लोहयुगीन आहेत. त्यांच्या पोटात दफनं आणि लोखंडी वस्तू सापडल्या. वयात ती गोर्सेदच्या दगडांना कितीतरी पटींनी मागे टाकतात, पण ती मांडणाऱ्यांचा विधी केव्हाच संपला. दगडाचा मान वयाने टिकत नाही, तो राबत्याने टिकतो.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला शिरूरला आहे. घोड नदीकाठच्या इंग्रजी छावणीत १८०९ साली कर्नल विल्यम वॉलेस वारला. १८०३ च्या असईच्या लढाईत तो शिंदे-भोसल्यांच्या फौजांविरुद्ध लढला होता. तरी त्याच्या थडग्याला लोक ‘सत्पुरुष’ म्हणू लागले. सुगीच्या वेळी शिरूरचे आणि आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी नव्या धान्याचा नैवेद्य तिथे आणत, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. ही गुलामी वृत्ती, असा आक्षेप घेतला जाईल. मला तो पटत नाही. पहिलं धान्य ज्याला द्यायचं त्याची निवड शेतकऱ्यांनी केली आणि साहेबाला आपल्या रिवाजात बसवलं. साहेबाचा धर्म त्यांनी घेतला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. राबताच सर्वस्व मानला तर इतिहास संशोधनाची गरज काय? गरज आहे, आणि तीही याच तालुक्यात दिसते. घोडकाठच्याच इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथले लोक लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं जुळवून घराच्या जमिनीखाली पुरत, हे त्यातून कळलं. हा रिवाज कोणाच्याच स्मरणात उरला नव्हता. तो कुदळीने आणि ब्रशनेच परत आला. योलोचं बिंग फोडलं तेही जुन्या हस्तलिखितांच्या वेल्श अभ्यासकांनीच, आणि गोर्सेद त्यानंतरही चालू राहिलं. म्हणून शिरूर-दौंडच्या पट्ट्यात जुन्या दगडांची नोंद करताना प्रत्येकाला दोन रकाने हवेत. एकात तो कधीचा, ते पुराव्यानिशी लिहावं. दुसऱ्यात त्याला आज कोण, कोणत्या दिवशी, काय वाहतं, ते त्या माणसांनाच विचारून लिहावं. वीरगळ उचलून संग्रहालयात नेण्याआधी हा दुसरा रकाना भरलेला असला पाहिजे.