तटबंदीपलीकडची वसई

वसईचे नाव निघाले की सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात चिमाजी अप्पा, १७३९ चा मे महिना आणि खाडीकाठचा भग्न किल्ला उभा राहतो. फार तर राजेळी केळी आणि त्यांची सुकेळी आठवतात. ही स्मृती अभिमानास्पद खरी, पण अपुरी आहे. लोहमार्गाच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराकडे पसरलेल्या वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत पत्र्याच्या छपरांखाली जी कारखानदारी चालते, तिची गणना वसईच्या इतिहासात कोणी करीत नाही. आमच्या मते ती व्हावयास हवी.

वस्तुतः या भूमीचा पिंडच उद्यमाचा. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले आणि या विस्मृत बंदराची थोरवी पुन्हा उजेडात आली. अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही येथेच सापडला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली व त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी बनली. त्या वैभवाच्या मुळाशी केवळ तोफा नव्हत्या; येथे जहाजे बांधली जात आणि येथला दगड गोव्यापर्यंत जाई. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईलाच. इतिहासाची पुस्तके येथे येऊन थांबतात आणि वसईही जणू तेथेच थांबली असा समज करून देतात.

पुढचे पर्व रेल्वेचे. १८६७ पासून विरारहून मुंबईस गाडी जाऊ लागली, १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोचली. मुंबईतील जागेचे भाव आवाक्याबाहेर गेले, तसा लहान कारखानदार खाडी ओलांडून अहमदाबाद महामार्गालगत आला. एक गाळा, दोन-चार यंत्रे, पाच-दहा कामगार आणि बहुधा स्वतःच लेथवर उभा राहणारा मालक, असा हा संसार. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील कित्येक कुटुंबांनी नालासोपारा-विरारचा आसरा घेतला. पुढे कोकणातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून माणसे येत राहिली. सुंदर म्हणावे असे या वस्तीत फारसे काही नाही. परंतु हातात कसब असलेल्या माणसाला येथे काम मिळते, हे आकर्षण लहान नव्हे.

अमेरिकेतील लॉवेल या मध्यम शहराचे उदाहरण येथे बोधप्रद ठरावे. एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्यांनी ते घडविले, विसाव्यात गिरण्या बंद पडून ते खंगले. १९७८ मध्ये तेथील कालवे व गिरण्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. आज एका जुन्या गिरणीत प्रेक्षकांसाठी माग चालू ठेवलेले आहेत. आम्ही मात्र गिरणगावाच्या बहुतेक चिमण्या पाडून तेथे मनोरे उभारले!

पश्चिमेकडील बागायती वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा उचितच होता. त्या हिरवाईला वाणी लाभली. पूर्वेकडील गाळ्यांना ती लाभली नाही. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून २००९ मध्ये महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. पाण्याचा निचरा मात्र पाणथळ जमिनींवरील भरावाखाली अडला. जुलै २०१८ च्या पावसात रेल्वे बंद पडली आणि रोजावर काम करणाऱ्याची मजुरी बुडाली. ज्या वस्तीला शहर आपली मानीत नाही, तिच्या गटारांचा विचारही शेवटीच होतो.

पहिल्या पिढीतील गाळेमालक व कारागीर आता वृद्ध झाले आहेत. कोणते यंत्र कोठून आणले, पहिली वीजजोडणी कशी मिळाली, कामगार राहत कोठे, याच्या हकिकती त्यांच्याकडे आहेत. येथील एखाद्या महाविद्यालयाने त्या टिपून घेण्याचे काम याच वर्षी हाती घ्यावे आणि महापालिकेने जुन्या गाळ्यांपैकी एक, यंत्रांसह, त्यासाठी राखून ठेवावा.