कॉफीसोबत हॉकीपटू

६ डिसेंबर २०१५ रोजी रायपूरच्या सरदार वल्लभभाई पटेल आंतरराष्ट्रीय हॉकी स्टेडियममध्ये भारत आणि नेदरलँड्स यांचा सामना ५-५ असा बरोबरीत सुटला. मग शूटआउट झालं. गोलरक्षक श्रीजेश गोलजाळ्यासमोर भिंत होऊन उभा राहिला आणि भारताने ३-२ अशी बाजी मारली. हॉकी वर्ल्ड लीगच्या अंतिम स्पर्धेतलं हे कांस्यपदक. सरदार सिंगच्या संघाने जागतिक महासंघाच्या मोठ्या स्पर्धेतला पदकांचा तब्बल ३३ वर्षांचा दुष्काळ रायपुरात संपवला. सुवर्णपदक बेल्जियमला २-१ ने हरवून ऑस्ट्रेलियाने नेलं.

त्या स्पर्धेत आठ संघ होते आणि त्यांतला एक कॅनडाचा. त्याच मोसमात कॅनडातल्या टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांत एक नवी विक्री सुरू झाली होती. कॉफी घेतली की साधारण एक डॉलर जादा देऊन तीन कार्डांचं बंद पाकीट मिळे. प्रत्येक कार्डावर एका हॉकीपटूचा फोटो, मागे त्याची कारकीर्द. मूळ संच १०० कार्डांचा, शिवाय मधूनच हाती लागणारी चकाकती खास कार्डं. छपाई अपर डेक कंपनीची. हे हॉकीपटू अर्थात बर्फावरचे. मैदानी हॉकी खेळायला रायपूरला आलेल्या कॅनडाच्या खेळाडूंना त्या पाकिटांत जागा नव्हती. तरीही ही कार्डांची गोष्ट छत्तीसगडच्या वाचकाने समजून घ्यावी अशी आहे, कारण खेळाडूचं नाव घराघरांत टिकवायचं कसं याचं उत्तर तिच्यात आहे.

ज्याच्या नावाने ही दुकानं चालतात तो टिम हॉर्टन स्वतःच बर्फावरचा हॉकीपटू. टोरांटो मेपल लीफ्सचा भक्कम बचावपटू. १९६२, १९६३, १९६४ आणि १९६७ अशा चार वर्षी स्टॅन्ली कप जिंकणाऱ्या संघात तो होता. १९६४ मध्ये हॅमिल्टन शहरात त्याने डोनट आणि कॉफीचं दुकान काढलं. त्या काळी खेळाडूंना आजच्यासारखा पैसा मिळत नसे आणि खेळ संपल्यावर पोटापाण्याचं काही हवं असे. फेब्रुवारी १९७४ मध्ये मोटार अपघातात तो गेला, पण दुकानांवरचं त्याचं नाव राहिलं. २०२२ मध्ये ही साखळी दिल्ली परिसरातून भारतातही आली.

दुकानातल्या मालासोबत हॉकीपटू देण्याची रीत मात्र त्याच्याही आधीची. १९१० च्या सुमारास कॅनडात सिगारेटच्या पाकिटांतून हॉकीपटूंची छोटी रंगीत कार्डं येत. पुढे घराघरांत शिरली ती मक्याच्या साखरपाकातून. पोर्ट क्रेडिटची सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनी 'बी हाइव्ह' नावाचा कॉर्न सिरप विकत असे. १९३४ पासून तिने एक योजना चालवली: डब्याभोवतीची कागदी पट्टी काढा, हव्या त्या खेळाडूचं नाव लिहा आणि टपालाने पाठवा. काही दिवसांनी त्याचा फोटो घरी येई. युद्धकाळातली कागदटंचाई मध्ये आली, तरी १९६७ पर्यंत ही योजना टिकली. पोर्ट क्रेडिट आज मिसिसागा शहराचा भाग आहे, आणि टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मिसिसागा काही परकं नाही.

इथे एक बारकावा फार मोलाचा आहे. बी हाइव्हच्या योजनेत मूल स्वतः खेळाडू निवडत होतं. नशिबाने हाती येईल तो घ्या, असं नव्हतं. त्यामुळे नामवंतांचे फोटो भरपूर गेले आणि राखीव खेळाडूंचे मोजके. आज संग्राहक जिवाचं रान करतात ते या राखीव खेळाडूंसाठी.

१९६० च्या आगेमागे 'शेरिफ' या नावाने हॉकीपटूंच्या प्लॅस्टिकच्या चकत्या निघाल्या. १९६०-६१ च्या संचात १२० चकत्या होत्या. चिप्सच्या पाकिटातून टॅझो गोळा करत वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीला ही चकती लगेच ओळखू येईल. १९९१ मध्ये कॅनडातल्या मॅकडोनाल्ड्सने अपर डेकच्या मदतीने २५ कार्डं आणि ६ होलोग्राम काढले. पुढे कंपन्या बदलत, मधली काही वर्षं गाळत, त्यांची हॉकी कार्डं जवळजवळ दोन दशकं येत राहिली. अशा उपाहारगृहासाठी शरद ऋतू म्हणजे नव्या हॉकी मोसमाची सुरुवात. मूल आईवडिलांना कार्डासाठी ओढून आणतं आणि आईवडील काहीतरी खातातच. दुकानाचं गणित एवढंच.

संग्राहकाचं गणित याहून अवघड आहे. १०० कार्डांचा संच असेल, प्रत्येक कार्ड मिळण्याची शक्यता सारखी असेल आणि कुणाशी अदलाबदल करायचीच नाही असं ठरवलं, तर संच पुरा होईपर्यंत सरासरी सुमारे ५१९ कार्डं घ्यावी लागतात. पहिली ५० वेगवेगळी कार्डं जेमतेम ६९ कार्डांत जमतात. खरी दमछाक शेवटी. उरलेल्या अखेरच्या दहांसाठीच सरासरी २९३ कार्डं लागतात, आणि अगदी शेवटच्या एकासाठी १००. तीन-तीनच्या पाकिटांनी मोजलं तर १७० हून अधिक पाकिटं, म्हणजे तेवढ्याच कॉफ्या.

म्हणून हा छंद एकट्याने करायचा नाहीच. दोघांनी आपापली डबल कार्डं समोरासमोर मांडली की तो आकडा झपाट्याने खाली येतो, दहा जण जमले तर आणखी. कॅनडातल्या कॉफीच्या दुकानांत, शाळांत, हॉकीच्या रिंकबाहेरच्या बाकांवर हेच चालतं. 'तुझ्याकडे अमका आहे का, माझ्याकडे तमका डबल आहे' या एका वाक्यावर अनोळखी मुलांची ओळख होते. नव्या देशात नुकत्याच आलेल्या कुटुंबातल्या मुलाला इंग्रजी अडखळत येत असेल, बर्फावर कधी पाय ठेवला नसेल, तरी हातात डबल कार्ड असलं की त्याला घोळक्यात जागा मिळते. या छंदाची खरी कमाई लेखकाच्या मते ही आहे.

पैशाची कमाई शोधणाऱ्यांची मात्र इथे निराशा होते. बर्फावरच्या हॉकीतला दिग्गज वेन ग्रेट्स्की याचं पहिलं कार्ड १९७९-८० च्या मोसमात ओंटारियोतल्या लंडन शहरातल्या ओ-पी-ची या च्युइंगगमच्या कंपनीने काढलं. त्याची अगदी निर्दोष प्रत २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरला विकली गेली. ही बातमी ऐकून जुने डबे उघडणारे कमी नाहीत. पण ग्रेट्स्कीचं निर्दोष कार्ड महाग आहे, कारण त्या काळच्या मुलांनी कार्डं हाताळली, वाकवली, टाकून दिली. १९९१ नंतरची कार्डं लोकांनी पहिल्या दिवसापासून प्लॅस्टिकमध्ये जपली आणि कंपन्यांनीही अमाप छापली. सगळ्यांनीच जपलेल्या वस्तूला बाजारात भाव येत नाही. हॅम्बर्गरसोबत आलेल्या बहुतेक कार्डांची किंमत आजही किरकोळच आहे, आणि ते बरंच आहे. शाळकरी मुलाला परवडेल असा संग्रह त्यामुळेच शक्य होतो.

भारतात हे सगळं क्रिकेटच्या वाट्याला आलं. ऐंशीच्या दशकात, १९८७ च्या रिलायन्स विश्वचषकाच्या आगेमागे, 'बिग फन' बबलगमच्या वेष्टनात क्रिकेटपटूंची चिमुकली चित्रं निघत. त्यांवर धावा किंवा विकेट्स छापलेल्या असत. ठरलेला आकडा जमला की दुकानदाराकडून पानं फडफडवली की फटका मारणारा फलंदाज दिसेल अशी पुस्तिका मिळे. १९९९ मध्ये ब्रिटानियाने 'खाओ, वर्ल्ड कप जाओ' म्हणत बिस्किटांच्या वेष्टनांवर गुण छापले. ते १०० झाले की पुस्तिका, आणि त्या पुस्तिकेतून नशीब उघडलं तर इंग्लंडची वारी. रायपूर असो की गोंदिया, त्या उन्हाळ्यात वेष्टनं कात्रीने नीट कापून ठेवणारं घर सहज सापडलं असतं. पुढे आयपीएल आली, तिच्यासोबत टॉप्स कंपनीची 'क्रिकेट अटॅक्स' कार्डं आली. क्रिकेटपटूंची सरासरी आपल्या मुलांना तोंडपाठ झाली, त्यामागे या कागदाच्या तुकड्यांचा हात आहे.

हॉकीपटू मात्र या वेष्टनांपासून दूर राहिले. भारतीय हॉकीच्या सुवर्णपदकांच्या काळातही आपला खेळ टिपला तो परदेशी लोकांनी. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर जर्मनीत सिगारेट कंपनीने चित्रसंग्रह काढला होता. पाकिटांतली कुपनं जमवायची, फोटो मिळवायचे आणि जाडजूड अल्बमात चिकटवायचे. त्या स्पर्धेत ध्यानचंदच्या संघाने अंतिम सामन्यात यजमान जर्मनीला ८-१ ने हरवलं. संघात पुण्याजवळच्या खडकीचे बाबू निमल होते. त्याच खडकीने पुढे धनराज पिल्ले दिला, जो चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. जर्मन घरांत तो अल्बम जपला गेला. खडकीतल्या किती मुलांना बाबू निमल हे नाव ठाऊक आहे?

छत्तीसगडचं उदाहरण याहून ठळक आहे. लेस्ली क्लॉडियस यांचा जन्म १९२७ मध्ये बिलासपूरचा. बंगाल-नागपूर रेल्वेच्या वसाहतीत वाढलेला हा मुलगा फुटबॉल खेळायला खरगपूरला गेला. तिथे १९३२ चे सुवर्णपदक विजेते डिकी कार यांनी सरावात एक खेळाडू कमी पडला म्हणून त्याच्या हाती हॉकीची काठी दिली. पुढे १९४८, १९५२ आणि १९५६ ची तीन सुवर्णपदकं, १९६० मध्ये रोममध्ये कर्णधार म्हणून रौप्य. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी लंडनच्या भुयारी रेल्वेचा एक खास नकाशा काढला गेला, त्यात बुशी स्थानकाला क्लॉडियस यांचं नाव होतं. बिलासपूरपासून दोन-अडीच तासांवरच्या रायपुरात मात्र शाळेतल्या मुलाच्या दप्तरात त्यांचं चित्र नाही.

राजनांदगावला हॉकीची नर्सरी म्हणतात. महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या स्मरणार्थ तिथे होणारी अखिल भारतीय स्पर्धा अनेक पिढ्यांनी पाहिली. तिथलीच रेणुका यादव २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेली, या राज्यातून ऑलिंपिकपर्यंत पोचलेली पहिली महिला. दुर्गची सबा अंजुम २००२ मध्ये मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. पुढे तिने संघाचं नेतृत्व केलं आणि २०१५ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. कॅनडात टिम हॉर्टन्सने २०२२ च्या सुरुवातीला राष्ट्रीय संघांचा जो संच काढला, त्यात महिला आणि पॅरा हॉकीचे खेळाडू पुरुषांच्या बरोबरीने होते. कॉफी प्यायला आलेल्या मुलीला स्वतःसारखी खेळाडू पाकिटात सापडली. असा संच दुर्ग आणि राजनांदगावच्या मुलींनाही मिळायला हवा.

हे काम अवघड नाही. छत्तीसगडच्या सहकारी दुधाचा 'देवभोग' हा ब्रँड रायपूरच्या घराघरांत पोचतो. इंडियन कॉफी हाउसची टेबलं सकाळपासून भरलेली असतात. बर्गर किंवा चिप्ससोबत कार्ड देऊन मुलांना जास्त खायला लावणं योग्य नाही, ही टीका कॅनडातही झाली आहे आणि ती खरी आहे. दुधासोबत किंवा सामन्याच्या तिकिटासोबत दिलेल्या कार्डाला हा दोष लागत नाही. पुढे फोटो, मागे गाव, शाळा, पहिला प्रशिक्षक, खेळलेल्या स्पर्धा आणि वर्षं, एवढं पुरे. लिहायचं हिंदीत, छत्तीसगडीत आणि सीमेवरच्या गावांसाठी मराठीत. मुख्य म्हणजे बी हाइव्हची चूक टाळून राखीव खेळाडूच्याही कर्णधाराइतक्याच प्रती छापायच्या.

तोवर घरात जे आहे ते तरी वाचवावं. जुनी चित्रं वहीत डिंकाने चिकटवू नयेत, मागचा मजकूर कायमचा जातो. रबरबँड कडा कापतो. स्वस्त, तीव्र वासाच्या पीव्हीसी पिशव्यांतलं रसायन काही वर्षांत कागदाला चिकटतं, त्याऐवजी पॉलिप्रोपिलीनच्या पिशव्या घ्याव्यात. पावसाळ्यात डबा भिंतीला टेकवून ठेवू नये.

रायपूर, बिलासपूर, राजनांदगाव, गोंदिया या पट्ट्यात ज्यांच्या घरी हॉकी स्पर्धांची तिकिटं, कार्यक्रमपत्रिका, संघांचे फोटो असतील, त्यांनी या दिवाळीत ते बाहेर काढावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून फोटोतल्या प्रत्येक खेळाडूचं नाव, गाव आणि वर्ष वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून फोटोसोबत ठेवावं. नावं सांगू शकणारी माणसं अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होईल.