कीपॅड नवे, पण आकडा जुनाच!



दिवाळी सरली की घनसावंगी तालुक्यातील कितीतरी घरांना कुलपे लागतात. कुणी ऊसतोडीला जातो तो मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही, कुणी पुण्या-चाकणच्या कारखान्यात कामाला असतो. मागे उरतात म्हातारी माणसे आणि बंद दारे. 'कष्टकऱ्याच्या घरात चोरायला असते तरी काय?' असे काही शहाणे विचारतात. आम्ही त्यांना सांगतो : जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, मुलांच्या गुणपत्रिका, घराचा उतारा आणि पै-पै जोडून केलेली सोन्याची पोत. यातला एक कागद गेला तरी तहसीलच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी पदरी येते. 2022 च्या ऑगस्टमध्ये याच तालुक्यातील जांब समर्थ येथील राम मंदिरातील मूर्ती चोरीस गेल्या होत्या. पुढे पोलिसांनी त्या शोधून काढल्या. पण नावाजलेल्या देवस्थानाची ही गत, तर वस्तीच्या टोकाला असलेल्या घराचे काय?

म्हणून शिक्षक, परिचारिका, एस.टी. कर्मचारी अशा आपल्या नोकरदार कुटुंबांनी घरात अलार्म यंत्रणा बसवली, तर ती चैन समजू नये. या यंत्रणेच्या इतिहासात एका कष्टकरी स्त्रीचे नाव आहे, हेही आपल्या मुलींना सांगावे. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय परिचारिका. कामाच्या वेळा अवेळीच्या, घरी एकटे राहण्याचे प्रसंग आणि वस्तीत पोलीस लवकर पोहोचत नसत. तिने व तिच्या पतीने, अल्बर्टने, दाराबाहेरचा माणूस आतून दिसेल आणि बटण दाबताच मदत मागता येईल, अशी यंत्रणा तयार केली. 1966 साली अर्ज केला आणि 1969 साली त्यांना पेटंट मिळाले. ज्या न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेब 1913 पासून शिकले, त्याच शहरातली ही गोष्ट आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. अलार्म यंत्रणेत सर्वांत आधी कुरकुरते ते दाराजवळचे कीपॅड. मराठवाड्याचा उन्हाळा, धूळ, ओली बोटे आणि रोजची दाबादाबी यांमुळे रबरी बटणे चिरतात, आकडे पुसतात, एखादे बटण दाबलेलेच राहते. 'चालते तोवर चालू द्या' असे म्हणून आपण दिवस ढकलतो. पण झिजलेले बटण चोराशी बोलते. चार आकडी कोडच्या दहा हजार शक्यता असतात. चारच बटणे झिजलेली दिसली, तर उरतात फक्त चोवीस. तीन बटणे झिजलेली असतील, म्हणजे एक आकडा दोनदा येत असेल, तर छत्तीस.

आपल्या घरांत तर तेवढ्याचीही गरज पडत नाही. आपल्याला प्रिय असलेले आकडे सगळ्या गावाला ठाऊक आहेत : 1891, 1956, 1404, 0612. बाबासाहेबांवरची श्रद्धा हृदयात आणि आचरणात असावी, कुलपाच्या आकड्यात नको. मुलांचे जन्मवर्ष, गाडीचा नंबर, मोबाईलचे शेवटचे चार आकडे हेही टाळावे.

कीपॅड बदलायचे ठरल्यावर जुन्या कीपॅडची कंपनी आणि मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा. दुसऱ्या कंपनीचे कीपॅड बहुधा चालत नाही, स्वस्त मिळाले म्हणून घेतले तर पैसे वाया जातात. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, कारण काम करताना सायरन वाजू शकतो. मग माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे यंत्रणा दुरुस्तीच्या स्थितीत आणावी, मेन स्विच बंद करावा आणि मुख्य पेटीतील बॅटरीची वायर सोडवावी. मुख्य पेटीत 230 व्होल्टची वीज येते, म्हणून माहिती नसेल त्याने तिला हात लावू नये, वायरमनला बोलवावे. जुने कीपॅड उघडल्यावर वायर सोडण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढावा. सहसा चार वायरी असतात, दोन विजेच्या आणि दोन संदेशाच्या. कोणत्या रंगाची वायर कोणत्या खुणेला होती, हे पाहून त्याच खुणेला जोडावी. वीज सुरू केल्यावर प्रत्येक दार उघडून, प्रत्येक सेन्सरसमोरून चालून खात्री करावी. बॅटरीही याच वेळी तपासावी. ती साधारण तीन ते पाच वर्षांत थकते, आणि थकलेली बॅटरी भारनियमनात दगा देते.

इथपर्यंत काम झाले की बहुतेक लोक सुटकेचा श्वास सोडतात. खरी चूक इथेच होते. बहुतेक यंत्रणांत कोड कीपॅडमध्ये नसतो, तो मुख्य पेटीच्या स्मरणात असतो. म्हणजे नवे चकचकीत कीपॅड लावले, तरी जुना आकडा जसाच्या तसा चालतो. सोडून गेलेला भाडेकरू, बांधकामाचा मिस्त्री, कधीकाळी विश्वासाने कोड सांगितलेला पाहुणा, या सर्वांसाठी दार तसेच उघडे राहते. म्हणून त्याच दिवशी घरच्यांचा कोड बदलावा, नको असलेले जुने कोड पुसावेत आणि कारखान्यातून आलेला मूळ कोडही बदलून घ्यावा. तंत्रज्ञ समोर असतानाच हे करावे, पण नवा आकडा दाबताना त्याला बाजूला उभे राहण्यास सांगावे. यात त्याचा अपमान नाही. प्रामाणिक कारागीर स्वतःच बाजूला होतो.

आणखी एक गोष्ट घरातल्या पुरुषांनी मनावर घ्यावी. कोड फक्त कर्त्या पुरुषाला ठाऊक असेल, तर तो कामावर गेल्यावर बायको-मुली त्या यंत्रणेच्या कैदी होतात. पत्नीला, मोठ्या मुलीला, आजीलाही तो आला पाहिजे. ज्या आजीला अक्षरओळख नाही, तिने बटणांच्या जागा लक्षात ठेवलेल्या असतात. नव्या कीपॅडवर जागा बदलल्या असतील तर तिचा हात धरून चार-पाच वेळा सराव करून घ्यावा. संकटाचे बटण कोणते, हे प्रत्येकाला ठाऊक असावे. पोलिसांच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक लहान मुलांनाही पाठ असावा.

वस्तीतील आय.टी.आय. झालेल्या तरुणांनी हे काम शिकून घ्यावे. रोजगारही मिळेल आणि बाहेरच्या माणसाला घराची नस दाखवावी लागणार नाही. बंधू-भगिनींनो, पंचशीलातील दुसरे शील आपल्याला न दिलेली वस्तू घेऊ नये असे शिकवते. आपण ते पाळतोच. पण कष्टाने मिळवलेले जपणे हेही गृहस्थाचे कर्तव्य आहे. तेव्हा आज संध्याकाळी वंदना झाली की घरातले सगळे एकदा कीपॅडसमोर उभे राहा, झिजलेली बटणे पाहा आणि आकडा बदला.