आपल्या रानातील पानगळ व तिची छायाचित्रे

ऋतूंचा पाठ शिकविताना पानगळीचे म्हणून जे चित्र बहुधा दाखविले जाते, ते थंड प्रदेशातील असते. त्यातील पाने तांबडी-पिवळी असतात व काळ ऑक्टोबरचा असतो. इंग्रजी ‘ऑटम’ ह्या शब्दास आपण ‘शरद’ हा प्रतिशब्द योजतो. त्यामुळे शरद म्हणजे पानगळ, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात रुजतो. शेणव्याच्या परिसरातील मूल मात्र आश्विन-कार्तिकात भातकापणी चालू असता भोवतालचे रान हिरवे पाहते. पुस्तकातले चित्र खरे आणि आपले डोळे खोटे, असे त्यास वाटू लागले तर निरीक्षणाची सवयच खुंटते. ह्यावर उपाय शिक्षकांच्या हाती आहे. मोबाईल फोनमधील साधा कॅमेराही त्यास पुरेसा होतो.

प्रथम कारण ध्यानी घ्यावे. थंड प्रदेशातील झाडे कडक हिवाळ्यापूर्वी पाने टाकतात. शहापूर-मुरबाडकडे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर ह्या ४ महिन्यांत पडतो. पुढे जमिनीतील ओल घटत जाते आणि पानांवाटे होणारा पाण्याचा व्यय थांबविण्यासाठी साग, पळस, सावर इत्यादी वृक्ष पाने गाळतात. म्हणून आपली खरी पानगळ शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात पाहावयास मिळते.

रंगांतही भेद आहे. थंड प्रदेशात मेपलचे गळावयास आलेले पान तांबडे होते. आपल्या कुसुंबाचे नुकते फुटलेले पान तांबडे असते व मागाहून हिरवे होते. सागाचे वाळलेले पान तपकिरीच दिसते. तेव्हा तांबड्या पानांचा शोध न घेता जे आहे तेच टिपावे.

छायाचित्र घेताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. सकाळी ७ ते ९ ही वेळ उत्तम. भर दुपारी उघड्या फांद्यांच्या सावल्यांचे जाळे पडून चित्र विस्कळीत होते.

२. एका चित्रात एकच विषय घ्यावा. निष्पर्ण झाड इतर झाडांच्या गर्दीत हरवते. म्हणून त्याच्या मागे मोकळे आकाश किंवा सावलीतील डोंगरउतार येईल असे उभे राहावे.

३. कुसुंबाची कोवळी पाने सूर्याच्या दिशेस तोंड करून टिपावीत. प्रकाश पानांतून आल्याने रंग उजळतो. मात्र सूर्य खोडाआड राहील अशी जागा निवडावी.

४. कांडोळाचे पांढरे खोड उन्हात फार झगझगते. पडद्यावर खोडास बोट लावून उजेड थोडा कमी करावा, म्हणजे सालीचे बारकावे दिसतात.

५. पडलेल्या पानांचे चित्र खाली बसून घ्यावे. दूरची वस्तू बोटांनी मोठी करण्यापेक्षा जवळ जावे. हात हलत असल्यास खोडास टेकून उभे राहावे.

ह्या सर्वांहून महत्त्वाचे काम पुढचे आहे. शाळेजवळील एक झाड निवडावे, उभे राहण्याच्या जागी एक दगड पुरावा व तेथूनच पौष ते चैत्र दर पंधरवड्यास एक चित्र घ्यावे. प्रत्येक चित्राखाली तारीख, मराठी महिना आणि झाडाचे नाव लिहावे. नाव मुलांना विचारावे; मोहाची फुले वेचण्यास पहाटे रानात जाणाऱ्या मुलांस झाडांची ओळख आपणांहून अधिक असते. घरच्या बोलीतील नावही तसेच नोंदवावे.

मुलांना पालापाचोळ्यात अनवाणी नेऊ नये. तेथे साप-विंचवाचे भय असते. वाळल्या रानात काडी पेटवू नये. तानसा अभयारण्याच्या हद्दीत जावयाचे असल्यास वनखात्याची अनुमती अगोदर घ्यावी.

चैत्राअखेर ही चित्रे वर्गात क्रमाने लावावीत आणि शेजारी पुस्तकातील चित्र ठेवावे. दोन्ही चित्रे आपापल्या जागी खरी आहेत. ती भिन्न का, हे मुलांनीच सांगावे.