वपेचा एक तुकडा



स्थूल मनुष्य दिसला कीं त्याच्या ताटाकडे बोट दाखवावयाचें, ही आपली जुनी संवय आहे. परंतु चरबी ही निव्वळ सांठवणीची कोठी नव्हे. तिच्यांतून रक्तांत अनेक द्रव्यें स्रवतात व तीं भूक, यकृत आणि रक्तांतील साखर यांवर परिणाम करितात. यांपैकीं भूक आंवरणारें लेप्टिन हें द्रव्य न्यूयॉर्क येथील जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनें १९९४ सालीं उजेडांत आणलें.

हा व्यापार समजून घेण्यास शरीराच्या आंतील नमुने लागतात. दंडांतून रक्त घेणें सोपें आहे. पण यकृताचा किंवा आंतड्यांवर पडद्यासारख्या पसरलेल्या वपेचा तुकडा केवळ जिज्ञासेपोटीं कोण कोणाचा काढील? वजन उतरविण्यासाठीं जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया चालूं असतां मात्र शल्यवैद्याचीं उपकरणें पोटांत पोंचलेलींच असतात. रुग्णानें आधीं संमति दिली असेल, तर त्याच वेळीं चरबीचा व यकृताचा अल्पसा अंश घेतां येतो. तो त्वरित गोठवून उणे ८० अंशांच्या आसपास जपून ठेवितात. कारण उशीर झाल्यास पेशींतील नाजूक द्रव्यें बिघडूं लागतात. फ्रान्समधील लील येथील विश्वविद्यालयीन रुग्णालयांत असा संग्रह पद्धतशीरपणें चालतो.

परंतु एकट्या नमुन्याची किंमत थोडी. वार्षिक परीक्षेची उत्तरपत्रिका सहामाहीच्या पत्रिकेशेजारीं ठेवल्याशिवाय विद्यार्थ्याची प्रगति कळत नाहीं, हें मी शिक्षक म्हणून सांगूं शकतों. लील येथें यकृतांत मेद सांठून दाह झालेल्या १०९ रुग्णांचा अभ्यास झाला. शस्त्रक्रियेनंतर एक वर्षानें यकृताचे नमुने पुन्हां तपासले, तेव्हां शेंकडा सुमारें ८५ जणांत तो दाह नाहींसा झालेला आढळला. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष दुसऱ्या नमुन्यावांचून निघालाच नसता.

आणि खरी अडचण तेथेंच आहे. पहिला नमुना शस्त्रक्रियेच्या ओघांत मिळतो. दुसऱ्यासाठीं बऱ्या झालेल्या मनुष्यानें पुन्हां येऊन सुई टोंचून घ्यावयाची असते. तींत वेदना आहे, क्वचित् रक्तस्रावाचा धोकाही आहे. लाभ बहुधा भावी रुग्णांचा. म्हणून ही देणगी मागून घ्यावयाची असते, गृहीत धरावयाची नसते. अमेरिकेंत १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगग्रस्त स्त्रीच्या पेशी तिला न विचारतां घेतल्या गेल्या. त्यांवर जगभर संशोधन झालें, पण तिच्या कुटुंबास वीसएक वर्षें पत्ताही नव्हता.

मुंबई-पुण्यासही अशा शस्त्रक्रिया होतात. तेव्हां आपल्या घरांतील कोणापुढें असें संमतिपत्र आलें, तर चार प्रश्न अवश्य विचारावे : उपचारास लागणारें काय व संशोधनासाठीं अधिक घेणार तें काय? नमुना कोठें व किती काळ राहील? नांव गुप्त राहील काय? आणि मागाहून संमति परत घेतां येईल काय? नकार दिल्यास उपचारांत तिळमात्र उणें पडतां कामा नये.

उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर होकार देण्यास संकोच नसावा. समजून-उमजून दिलेला तो इवलासा तुकडा, स्थूल मनुष्यास खादाड ठरविणाऱ्या जगास विचार करावयास लावूं शकतो.