भाव वाढला की बोंबील वाढले?

भाईंदर पश्चिमेला तळमजल्यावरच्या एका खोलीत संध्याकाळी मराठी माध्यमातल्या आठवीच्या मुलांचा इंग्रजीचा क्लास भरतो. बाईंच्या परवानगीने मागच्या बाकावर बसून मी वह्या चाळत होते. विषय एकच, कर्ता एकवचनी असेल तर क्रियापद कसं आणि अनेकवचनी असेल तर कसं.

एका वहीत 'माय फॅमिली'वर दहा ओळी होत्या. 'माय मदर कुक्स फूड' अगदी बरोबर. खालच्याच ओळीत 'माय फादर वर्क इन स्टील फॅक्टरी'. आईला एस, बाबांना नाही. पुढच्या वहीतही तेच. निष्काळजीपणा असता तर तो दोघांच्याही वाट्याला आला असता. बाईंनी मुलाला ते वाक्य मराठीत म्हणायला लावलं. "बाबा कारखान्यात काम करतात." आणि आई? "आई स्वयंपाक करते." घरात आईला अगं-तुगं आणि बाबांना अहो-जाहो, तो आदरार्थी बहुवचनाचा मान मुलाने इंग्रजीतही इमानाने पाळला होता. बाई म्हणाल्या, "इंग्रजीत बाबा एकच. मान मनात ठेव, एस वहीत लिही."

एस हे अक्षरही मोठं लबाड आहे. नामाला लागलं की अनेकवचन, क्रियापदाला लागलं की एकवचन. त्यामुळे मुलं अनेक म्हणून 'बॉइज प्लेज' लिहिणारी मुलगी तर्काला धरूनच चालते. 'एस दोघांपैकी एकालाच' हा क्लासमधला ठरलेला तोडगा. 'चिल्ड्रन' आणि 'पीपल' आले की तोही कोलमडतो. केसांचं आणखी वेगळं. मराठीत ते गळतात, इंग्रजीत 'हेअर' एकवचनी, म्हणून 'माय हेअर आर लाँग' जवळजवळ प्रत्येक वहीत.

खरं तर क्रियापदाचा मेळ या मुलांना नवा नाही. 'बैल आला', 'बैल आले' यात नाम बदलतच नाही, एक की अनेक ते क्रियापदच सांगतं. वर गेला-गेली-गेलं हे लिंगाचं ओझं. 'मुलीने आंबा खाल्ला' म्हणताना तर क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. हे सगळं न चुकता बोलणारं मूल इंग्रजीत कच्चं ठरवलं जातं, हे मला पटत नाही.

सगळ्यात रंगला तो उत्तनचा मामला. जवळच्याच त्या कोळ्यांच्या गावातून येणाऱ्या एका मुलाने लिहिलं होतं, 'द प्राइस ऑफ ड्राय बोंबील्स हॅव इन्क्रीज्ड'. वर्ग हसला, पण बाई हसल्या नाहीत. "भाव वाढला की बोंबील वाढले?" मुलगा पटकन म्हणाला, "भाव." मराठीत त्याची ही चूक झालीच नसती. 'बोंबलांचा भाव वाढला' यातला 'चा'च सांगतो की कर्ता भाव आहे. शिवाय भाव क्रियापदाला चिकटून बसतो. इंग्रजीत 'प्राइस' लांब मागे राहते आणि क्रियापदाच्या शेजारी येतात बोंबील. कान शेजाऱ्याचं ऐकतो. बाईंनी 'ऑफ'पासून 'बोंबील्स'पर्यंतचा भाग खडूने कंसात टाकला आणि उरलेलं वाक्य वाचायला सांगितलं. 'हॅव'चं 'हॅज' त्याने स्वतःच केलं. 'वन ऑफ माय फ्रेंड्स'लाही मग तोच कंस.

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं आणि हाताशी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची. मराठीतून इंग्रजीत जायचा तो रस्ता जुनाट ठरवून आपण सोडला. आता कर्तरी-कर्मणी प्रयोग मराठीच्या तासाला, एसचा नियम इंग्रजीच्या तासाला, आणि दोन्ही शिक्षक एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात. त्यांनी एकदा मुलांच्या वह्या समोरासमोर ठेवून पाहाव्यात. आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांनो, लाल रेघ मारण्याआधी ते वाक्य मुलाला मराठीत म्हणायला सांगा.