डॉक घेण्याआधी लॅपटॉपचं पोर्ट बघा

नागपुरात बर्डीच्या दुकानांत डॉकिंग स्टेशन, म्हणजे एकाच केबलने लॅपटॉपला मॉनिटर-कीबोर्ड जोडून देणारी पेटी, मागितलं, की काउंटरवर दीड-दोन हजारांच्या हबपासून पंचवीस-तीस हजारांच्या थंडरबोल्ट डॉकपर्यंत सगळं मांडलं जातं. मिहानमधल्या किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधल्या नोकरदारांना २०२० च्या टाळेबंदीत घरून कामाची सवय लागली. हायकोर्टाच्या खंडपीठात प्रॅक्टिस करणारे वकील एका पडद्यावर केसची पीडीएफ आणि दुसऱ्यावर मसुदा ठेवू लागले. सीए मंडळींची रिटर्नच्या हंगामात तीच गरज असते. त्यामुळे मागणी खरी आहे. सगळ्यात जास्त फसगत होते ती एका कारणाने: गिऱ्हाईक डॉकवर किती एचडीएमआय आहेत ते मोजतं आणि आपल्या लॅपटॉपच्या पोर्टाकडे बघतच नाही.

सगळ्यात पसरलेला समज म्हणजे टाइप-सी पोर्ट आहे, म्हणजे मॉनिटर चालणारच. टाइप-सी हे फक्त छिद्राच्या आकाराचं नाव आहे. हा आकार २०१४ मध्ये आला. त्यातून चित्र बाहेर काढण्याची सोय, म्हणजे डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती द्यायची की नाही हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. वर्धा रोडवर एकाच खांबांच्या रांगेवर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो आहे. पण शहरातल्या प्रत्येक उड्डाणपुलावर मेट्रोचे रूळ नाहीत. टाइप-सीचं तसंच आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये कित्येकदा या पोर्टातून फक्त डेटा जातो. कधी चार्जिंगही होतं, पण चित्र येत नाही. अशा पोर्टाला कितीही महागडा साधा डॉक लावला तरी पडदा काळाच राहतो.

ओळखायचं कसं? लॅपटॉप खिडकीजवळ उजेडात तिरका धरावा आणि पोर्टाच्या बाजूला कोरलेली खूण बघावी. बाणासारखी वीज असेल तर ते थंडरबोल्ट, त्यातूनही चित्र येतं. इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंफल्यासारखं चिन्ह असेल तर डिस्प्लेपोर्ट, म्हणजे चित्र येणार. नुसता यूएसबीचा त्रिशूळ आणि त्याशेजारी ५ किंवा १० असेल, तर तो डेटाचा वेग आहे. त्यावरून चित्राबद्दल काहीच कळत नाही. खूणच नसेल तर मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या साइटवरचं स्पेसिफिकेशन वाचावं. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते दुकानात जाण्याआधीच व्हायला हवं.

दुसरा गैरसमज मॅकबुकवाल्यांना महागात पडतो. डॉकवर दोन एचडीएमआय आहेत, म्हणून दोन मॉनिटरवर दोन वेगळी चित्रं दिसतील, असं धरून चालतात. विंडोजवर बहुतेक वेळा तसं होतंही. डिस्प्लेपोर्ट १.२ पासून, म्हणजे २०१० पासून, एमएसटी नावाची पद्धत आहे. तिच्यात एकाच केबलमधून अनेक पडद्यांची चित्रं जातात आणि डॉक ती वेगळी करतो. मॅकओएस मात्र या पद्धतीने पडदे वाढवू देत नाही. तिथे दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दोनदा दिसतं आणि दोष डॉकला दिला जातो.

त्यावर ‘मग थंडरबोल्टचा घ्या’ असा सल्ला मिळतो, आणि तोही अर्धाच खरा आहे. २०२० चा एम-१ मॅकबुक एअर आणि त्यानंतरचा एम-२ अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. ही मर्यादा चिपमध्येच आहे. तीस हजारांच्या डॉकने ती उठत नाही. एम-३ एअर दोन मॉनिटर चालवतो, पण झाकण बंद केल्यावर. २०२५ च्या एम-४ एअरला झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. विंडोजच्या बाजूलाही मोजदाद असतेच. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या नेहमीच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स एकूण तीन पडदे सांभाळतं आणि त्या तिनात लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही धरलेला असतो.

जुन्या एम-१ वाल्यांनी किंवा ज्यांच्या पोर्टातून चित्र येतच नाही अशांनी निराश व्हायचं कारण नाही. त्यांच्यासाठी डिस्प्लेलिंक आहे. केंब्रिजमध्ये जन्मलेलं हे तंत्रज्ञान २०२० पासून सिनॅप्टिक्स कंपनीकडे आहे. लॅपटॉपचा प्रोसेसर पडद्यावरचं चित्र दाबून लहान करतो, साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. त्यामुळे जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टावरही मॉनिटर चालतो. याला कमी दर्जाचा जुगाड समजणं हा अन्याय आहे. एक्सेल, ई-मेल, टॅली, कोर्टाची कागदपत्रं यांना डिस्प्लेलिंकचा डॉक उत्तम पुरतो. पण गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी तो घेऊ नये. प्रोसेसरवर ताण येतो आणि हालचाल अडखळते. मॅकवर त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, आणि ती चालू असताना ओटीटीवरचे संरक्षित सिनेमे काळे दिसतात. शिवाय त्याला ड्रायव्हर लागतो. लॅपटॉप कंपनीचा असेल आणि त्यावर काही इन्स्टॉल करायची मुभा नसेल, तर आधी आयटी विभागाला विचारलेलं बरं.

आता ४केचा घोळ. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘४के’ लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरांत ‘३० हर्ट्झ’. तीसवर चित्र दिसतं, पण माउस हलवला की बाण टप्प्याटप्प्याने उड्या मारतो आणि संध्याकाळपर्यंत डोळे शिणतात. यामागे साधं गणित आहे. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट लागतात आणि सेकंदाला ६० वेळा सगळं नव्याने काढायचं, म्हणजे जवळपास १२ गिगाबिट दर सेकंदाला. टाइप-सीमध्ये वेगवान डेटाच्या चार मार्गिका असतात. डॉकला वेगवान यूएसबी पोर्टंही द्यायची असतील, तर दोन मार्गिका त्यांना जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने त्या दोन्हींतून ८.६४ गिगाबिटच जातात. म्हणून ४के तीसवर अडकतं. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने त्याच दोन मार्गिका १२.९६ गिगाबिट नेतात आणि एक ४के पडदा साठावर कसाबसा बसतो. अर्थात, तो वेग लॅपटॉप आणि डॉक दोन्हींकडे असावा लागतो. साध्या फुल एचडी मॉनिटरला मात्र साधारण तीन-सव्वातीन गिगाबिट पुरतात. असे दोन मॉनिटर असतील तर जुन्या वेगावरही निभावतं आणि महागड्या डॉकची गरजच नसते. दोन ४के साठवर हवेच असतील, तर थंडरबोल्ट ४ चा विंडोज लॅपटॉप आणि त्याच जातीचा डॉक ही सगळ्यात बिनधोक जोडी, कारण ते प्रमाणपत्र मिळवायला तेवढी क्षमता बंधनकारक आहे.

केबल कुठलीही चालते, हाही समजच. मोबाइलच्या चार्जरसोबत येणारी टाइप-सी केबल बहुतेक वेळा यूएसबी २ चीच असते. तिच्यातून चित्र जातच नाही.

चार्जिंगबद्दल दुकानात कुणी फारसं बोलत नाही. डॉकवर ‘१०० वॅट’ लिहिलेलं असलं, तरी अनेक डॉक त्यातले दहा-पंधरा वॅट स्वतःसाठी ठेवतात. ऑफिसच्या पातळ लॅपटॉपला ४५ किंवा ६५ वॅट लागतात, त्यांचं काही अडत नाही. गेमिंग लॅपटॉपचा दोनशे वॅटच्या वरचा अडॅप्टर मात्र डॉक लावल्यावरही जोडूनच ठेवावा लागतो, नाहीतर काम करता करता बॅटरी उतरत जाते. छोट्या हबसोबत अडॅप्टर नसतो आणि लोक हाताला येईल तो लावतात. अडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, एवढं तरी बघावं.

डॉक गरम झाला म्हणजे बिघडला, असंही नाही. धातूचं आवरण आतली उष्णता बाहेर टाकायलाच असतं. मात्र बऱ्याच डॉकच्या माहितीपत्रकात चालवण्याचं कमाल तापमान ३५ ते ४० अंश दिलेलं असतं, आणि नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. मे महिन्यात डॉक कागदांच्या गठ्ठ्याखाली किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. कूलरच्या ओलसर झोतातही नको.

आणि कित्येकांना डॉक लागतच नाही. लॅपटॉपला एचडीएमआय असेल आणि टाइप-सीतून चित्र येत असेल, तर एक मॉनिटर एचडीएमआयवर आणि दुसरा टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलवर सरळ जोडता येतो. ही केबल साध्या डॉकच्याही निम्म्या किमतीत मिळते. रोज लॅपटॉप उचलून ऑफिसात न्यावा लागत असेल, आल्यावर एकाच केबलने मॉनिटर, कीबोर्ड, नेट आणि चार्जिंग जोडायचं असेल, तर डॉकचे पैसे वसूल होतात. लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल तर दोन केबलींवर काम भागतं, आणि वाचलेल्या पैशांत मॉनिटर चांगला घेता येतो.